बॅचच्या ग्रुपवर कुणाची बाग मरत नाही

मंडळी, आज फवारणीचं आणि खतपाण्याचं वेळापत्रक लिहीत नाही. त्याच्या नोंदी नेहमीसारख्या पुढच्या आठवड्यात टाकीन. आज थोडं वेगळं लिहितोय. शेतीचंच आहे, पण जरा फिरून येतं.

गेल्या रविवारी आंबे बहाराची पानगळ करायची होती. सकाळी सात वाजता इथ्रेलचं द्रावण करून ब्लोअर सुरू केला आणि खिशातला मोबाईल जो थरथरायला लागला तो थांबेचना. म्हटलं कुणाचं बरंवाईट झालं का काय, म्हणून ट्रॅक्टर बांधाला लावला, हातमोजे काढले आणि बघितलं. आमच्या कॉलेजच्या बॅचचा ग्रुप. एक जण प्रमोशनवर गेला होता, त्याचा हारतुऱ्यातला फोटो, आणि खाली अभिनंदन, हार्दिक अभिनंदन, मनःपूर्वक अभिनंदन. मीही दोन फुलं टाकली, हातमोजे घातले आणि परत कामाला लागलो. पण दिवसभर डोक्यात तेच चालू राहिलं, ते इथं उतरवतो.

आमची बॅच राहुरीची, १९९८ ते २००२. बी.एस्सी. ॲग्री. बहुतेक सगळे खेड्यातले, बहुतेकांचे वडील शेतकरी, आणि बहुतेकांच्या घरनं निघताना एकच आशीर्वाद मिळालेला, "शिक, म्हणजे ही माती उपसावी लागणार नाही." होस्टेलला एका खोलीत तिघं. मेसचं बिल थकलं की ज्याच्या घरचा कांदा विकलाय त्यानं तिघांचं भरायचं, पुढच्या महिन्यात दुसऱ्याचा ऊस तुटला की त्यानं. परीक्षेच्या रात्री एकाच्या नोट्स अख्ख्या मजल्यावर फिरायच्या. सातव्या सेमिस्टरला रावेसाठी, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहायला गेलो, तेव्हा आमच्या तिघांत एक सायकल होती. हे सगळं सांगायचं कारण, त्या वयात एकमेकांची अडचण कुणाला सांगावी लागत नव्हती. भिंतच नव्हती, तर लपवणार कुठं?

२०१५ ला कुणीतरी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आज त्यात ६१ जण आहेत. एकदा पाटाच्या पाळीची वाट बघत बसलो होतो तेव्हा मी कोण कुठं आहे याची यादी वहीत लिहून काढली. कृषी खात्यात आणि महसूल, पोलीस अशा इतर सरकारी नोकऱ्यांत मिळून एकवीस. बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागलेले नऊ. बियाणं, औषध, खत, ठिबकच्या कंपन्यांत अकरा. कृषी सेवा केंद्र टाकलेले सहा. विद्यापीठात किंवा संशोधनात पाच, त्यातला एक अमेरिकेत. दोन शाळेत मास्तर. दोघींनी नोकरी सोडली आणि घर धरलं. त्यांच्या खुशालीच्या बातम्या आम्हाला बहुतेक वेळा नवऱ्याच्या बदलीच्या बातमीबरोबर कळतात, ही एक लाजेची गोष्ट आहे. आणि स्वतः शेती कसणारे पाच. चार वर्षं शेती शिकलेल्या ६१ जणांत पाच! आम्ही बाहेर पडलो त्याच वर्षी, २००२ ला, केंद्रानं ॲग्री-क्लिनिकची योजना काढली होती. पदवीधरानं गावात राहून सल्ला आणि सेवा द्यावी, त्यावर पोट भरावं अशी कल्पना. आमच्यातल्या दोघांनी प्रशिक्षण घेतलं, दोघंही पुढं कंपनीत गेले. मी त्यांना दोष देत नाही. सल्ल्याचे पैसे गावात कुणी देत नाही, औषधाचे देतात.

डिसेंबरात आमचं स्नेहसंमेलन झालं. हॉल, बॅनर, एकसारखे टी-शर्ट, आणि प्रत्येकाला माईकवर दोन मिनिटं. कुठं आहेस, काय करतोस, मुलं काय करतात. पोस्टिंग, पॅकेज, फ्लॅट, मुलगी नीटची तयारी करतेय. माझी पाळी आली. मी म्हटलं, "सांगोला तालुका, शेती, डाळिंब." एक क्षण शांतता आणि मग सगळ्यात जास्त टाळ्या मलाच! एकानं उठून सॅल्यूट मारला. एक म्हणाला, "खरा हिरो तर हा आहे, आपण सगळे नोकर." जेवताना त्याच माणसानं हळूच विचारलं, "मुलाला तरी शेतीत घालू नकोस ना?"

ह्या टाळ्यांचा मला राग येत नाही, पण त्यांचा उपयोगही होत नाही. बदली झालेल्याला आपण विचारतो, "नवीन ऑफिस कसंय, साहेब कसे आहेत?" बँकेतल्याला विचारतो, "वसुलीचा ताण आहे का?" शेती करणाऱ्याला कुणी विचारत नाही की, "तुझ्या पाण्याचा ईसी किती आला? निमॅटोड किती आहे? यंदा सेटिंग कसं झालं?" सगळे शेतीचे पदवीधर असून! त्याला एकदम बळीराजा करून टाकतात, आणि बळीराजाला प्रश्न कोण विचारणार?

आता मूळ गोष्टीवर येतो.

आमच्या त्या पाचांत एक जण होता, पहिल्या बेंचवरचा. नाव लिहीत नाही, त्याची परवानगी आहे पण गावात वाचणारे लोक आहेत. वनस्पती रोगशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तो आम्हाला स्लाईड लावून द्यायचा. त्याची जमीन माझ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, आटपाडीच्या बाजूला. पाच एकर डाळिंब, सगळा भगवा. भगवा राहुरीनंच दिलेला, आम्ही बाहेर पडल्यावर लगेचच्या वर्षात, त्यामुळं आम्हाला त्या जातीचा घरच्यासारखा अभिमान. २०१७ ला त्यानं ग्रुपवर क्रेटचे फोटो टाकले होते, लालभडक माल, आणि खाली साठ-सत्तर अंगठे.

ऑक्टोबर २०२० चा पाऊस आमच्या भागातल्या लोकांच्या लक्षात असेल. जिथं टँकर चालायचे तिथं बांध फुटले. डाळिंबाला एवढी ओल सोसत नाही. त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांत सांगोला-आटपाडीच्या पट्ट्यात मर आणि खोडाला छिद्रं पाडणारा भुंगेरा, आपण ज्याला पिन होल बोरर म्हणतो तो, ह्या दोघांनी मिळून किती बागा नेल्या ते मी वेगळं सांगायला नको. उभ्या बागा जेसीबीनं काढलेल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात.

त्याच्या बागेत सुरुवात एका कोपऱ्यातून झाली. एका झाडाची एकच फांदी पिवळी. मग ती सुकली, पानं झाडालाच लटकून राहिली. मग शेजारची फांदी, मग अख्खं झाड, मग त्याच ओळीतलं पुढचं. त्याला वाटलं उन्हाळा आहे, पाणी कमी पडतंय. दुकानदारानंही तेच सांगितलं, आणि वरून एक टॉनिक दिलं. यानं ठिबकचे तास वाढवले. ज्यांना माहिती आहे त्यांच्या अंगावर हे वाचूनच काटा आला असेल. मर रोगाची बुरशी मुळांतून मुळांत जाते, ओलीत तिला फावतं, आणि ओळीनं झाडं जाणं हीच तिची खूण. पाणी तोडायचं, रोगट झाड मुळासकट काढून जागेवरच जाळायचं, बागेतून ओढत न्यायचं नाही, आजारी आणि निरोगी झाडांच्या मध्ये चर खणायचा, छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करायची. यातलं काहीही त्यानं पहिल्या तीन महिन्यांत केलं नाही. त्यानं केलं ते बरोबर उलटं.

आणि हा माणूस स्लाईड लावून देणारा! शिकलेल्यालाही स्वतःच्या बागेत दिसत नाही. डॉक्टर स्वतःच्या पोराला तपासत नाही म्हणतात, तसंच आहे ते. स्वतःची बाग असली की डोळे आशेनं बघतात.

त्या तीन महिन्यांत आमच्या ग्रुपवर काय काय होतं ते मी मागं जाऊन बघितलं. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, दोन गृहप्रवेश, एक नवीन गाडी, तिरुपतीचे फोटो, आणि सुप्रभात तर रोजच. त्याच ग्रुपमध्ये एक जण पीएच.डी.ला फळझाडांच्या मर रोगांवर काम केलेला आहे. एक जण कंपनीत आहे आणि डाळिंबाचा पट्टाच सांभाळतो, महिन्याला शंभर बागा बघतो. एक जण खात्यात आहे, पंचनामे आणि विम्याचे कागद त्याच्या हाताखालून जातात. पिवळ्या फांदीचा एक फोटो आणि खोड उभं चिरून आतल्या करड्या-काळसर रेघांचा दुसरा फोटो टाकला असता, तर दहा मिनिटांत उत्तर आलं असतं. यानं एकही टाकला नाही. २०२२ च्या मार्चमध्ये शेवटची ओळ काढली. एप्रिलमध्ये ग्रुपवर एक बारीक करड्या अक्षरांतली ओळ दिसली, अमुक अमुक यांनी ग्रुप सोडला. त्याच्या खाली लगेच कुणाच्यातरी मुलाच्या दहावीच्या शुभेच्छा.

कुणी विचारलं नाही. मी पण नाही. मला वाटलं नंबर बदलला असेल. खरं सांगायचं तर वाटलं नव्हतं, तसं मानून घेतलं होतं.

कारण माझंही तेच चाललं होतं. माझी तीन एकर बाग, नऊशेच्या वर झाडं, त्यातली जवळजवळ सहाशे मी २०२१ च्या पावसाळ्यानंतर काढली. या पेजवर मी तेव्हा ज्वारीच्या नोंदी लिहीत होतो. जुने वाचक असतील त्यांना आठवेल, मी "पिकाची फेरपालट" असा लेख लिहिला होता. फेरपालट कसली? बाग गेली होती. आणि बॅचच्या ग्रुपवर त्याच दिवाळीत मी २०१९ चा माझा चांगल्या मालाचा फोटो "आठवणी" म्हणून टाकला होता. त्याला छप्पन्न लाईक आले. मोजले होते, म्हणून लक्षात आहे.

आता यावर माझं मत काय ते लिहितो. पटेल न पटेल.

ग्रुपवर फक्त चांगलंच सांगायचं, ही रीत निरुपद्रवी आहे असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. नोकरीतल्या माणसाचं एक वर्ष वाईट गेलं तर पगार येतो, कळ काढता येते. शेतीतलं वाईट वर्ष सांगितलं नाही तर ते पुढच्या दोन वर्षांना खातं, कारण चूक तशीच राहते. रोग लपवला की पसरतो, हे आपण दुसऱ्या सेमिस्टरला शिकलो. एवढे शास्त्रज्ञ, अधिकारी, बँकवाले, कंपनीवाले एका ठिकाणी फुकटात जमलेले कुठल्याही शेतकऱ्याला मिळत नाहीत. आम्हाला मिळालेत, आणि आम्ही त्यांचा उपयोग सुप्रभातसाठी करतोय.

संमेलनात मी हे एकदोघांजवळ बोललो. एक म्हणाला, "अरे, दिवसभर ऑफिसात शेतकऱ्यांच्या तक्रारीच ऐकतो. ग्रुपवर तरी शेतीचं रडगाणं नको लेका, जरा हसूखेळू दे." त्याचंही खोटं नाही. त्याच्याकडं दोन जागांचा अतिरिक्त पदभार आहे, पंचनाम्याच्या दिवसांत रात्री अकराला घरी पोचतो. कंपनीतल्यानं तर मला सरळ सांगितलं, "मी सल्ला दिला की तुम्ही म्हणणार हा माल खपवतोय, नाही दिला की म्हणणार दोस्त असून बोलला नाही." हेही खरं. मी त्याला म्हटलं, तू औषधाचं नाव सांगू नकोस, तू फक्त हा रोग कुठला ते सांग. तो हसला. म्हणाला, "एवढंच कुणी विचारत नाही रे, सगळे विचारतात काय मारू."

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय. आपल्या पेजवरचे तरुण शेतकरीही मला फोटो पाठवून "दादा, काय मारू?" हेच विचारतात. आधी काय झालंय ते तर ठरवू.

अमेरिकेतल्या दोस्ताचीही गंमत ऐका. तो मिडवेस्टातल्या एका विद्यापीठात आहे, मक्यावर काम करतो. त्याला मी यावर बोललो तर त्यानं अर्ध्या तासाचा व्हॉइस मेसेज पाठवला. तिकडं कॉलेजात फ्रॅटर्निटी म्हणून मुलांचे संघ असतात, एकत्र राहायचं, एकत्र जेवायचं, आणि कॉलेज सुटल्यावरही त्या घराशी नातं तुटत नाही. बाकीच्यांच्या पार्ट्यांच्या बातम्या आपण ऐकतो, पण त्यात शेतीच्या मुलांचे वेगळे संघ आहेत हे मला माहीत नव्हतं. एकाचं नावच फार्महाऊस, १९०५ साली मिसुरी विद्यापीठात शेती शिकणाऱ्या पोरांनी काढलेला. दुसरा अल्फा गॅमा ऱ्हो, १९०८ साली ओहायो आणि इलिनॉयच्या दोन संघांना जोडून झालेला. त्याच्या मासिकाचं नाव सिकल अँड शीफ, म्हणजे विळा आणि पेंढी! त्यात जुन्या सभासदांच्या बातम्या येतात, कोण कुठं आहे, कुणाचं काय चाललंय. शंभर वर्षांपूर्वी शेतातनं शहराच्या कॉलेजात आलेल्या पोराला आपल्यासारख्यांचं घर पाहिजे होतं, त्यातून हे उभं राहिलं. आपलं होस्टेल आणि मेस तेच होतं की.

तिकडंही सगळं गोडगोड नाही असं तो म्हणाला. बातम्यांत तिथंही बढत्या आणि बारशीच जास्त. पण एक फरक त्यानं सांगितला तो मला पटला. त्यांचं नातं घराशी असतं, एका वर्षाच्या बॅचशी नसतं. सत्तर वर्षांचा म्हातारा शेतकरी आणि वीस वर्षांचं पोरगं एकाच जेवणाला बसतात. म्हाताऱ्याला पोराशी स्पर्धा नसते, त्यामुळं तो आपल्या फसलेल्या हंगामाचं बोलतो. आमच्या ग्रुपमध्ये सगळे एका वयाचे, एका दिवशी सुटलेले. रेसच लागलेली. मग कोण म्हणेल मी मागं पडलो? आमच्यातल्या एकानं स्पर्धा परीक्षेला आठ वर्षं घातली, चौतिसाव्या वर्षी सोडून दिली, आज त्याची पदवी दुसऱ्याच्या दुकानात लायसन्ससाठी टांगलेली आहे. औषधाच्या दुकानाला शेतीची पदवी किंवा पदविका लागते ना, त्यासाठी. महिन्याला काहीतरी मिळतं त्याला. तो संमेलनाला आला नाही. त्याचं दोन मिनिटांत काय सांगायचं होतं?

तर रविवारी संध्याकाळी काम आटोपल्यावर मी एक गोष्ट केली. बागेत एक झाड मला संशयास्पद वाटत होतं, ते काढलं, खोड चिरलं, आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "२०२१ ला माझी सहाशे झाडं अशीच गेली. तुम्हाला सांगितलं नव्हतं. सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही. आज पुन्हा एक झाड असं निघालंय. बघा आणि सांगा." पाठवलं आणि मोबाईल उलटा ठेवून दूध काढायला गेलो. छाती धडधडत होती. एवढी तर पहिल्यांदा माईकवर बोलतानाही धडधडली नव्हती.

तासभर काहीच नाही. निळ्या खुणा वाढत होत्या, ग्रुप गप्प. मला वाटलं चुकलंच. मग आमचा त्या वेळचा मेस सेक्रेटरी, आता कृषी सेवा केंद्रवाला, त्यानं लिहिलं, "माझी उधारी अठ्ठावीस लाख अडकलीय. दुकान मार्चनंतर चालवायचं का नाही ठरवतोय. बायकोला माहीत नाही." त्याला मी लगेच फोन लावला, ते बोलणं इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्यानंतर एकेक जण आला. पीएच.डी.वाल्यानं चार प्रश्न विचारले. खोडाला जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत टाचणीएवढी छिद्रं आहेत का, भुसा पडलाय का? मुळांवर गाठी आहेत का? लॅटरल खोडापासून किती लांब आहे? शेजारच्या झाडाची फांदी वाकवून बघितलीस का? इतक्या वर्षांत त्या ग्रुपवर मला कुणी विचारलेले हे पहिले प्रश्न. गाठी होत्या. लॅटरल खोडालाच चिकटलेली होती, गड्यानं कोळपणीनंतर तशीच टाकलेली. छिद्रं नव्हती, हे नशीब. काय करायचं ते त्यानं सांगितलं, चर, पाणी, लॅटरल दीड-दोन फूट सरकवणं, ते मी पुढच्या आठवड्याच्या नोंदीत फोटोसह देतो.

दोघांनी ग्रुप म्यूट केला असणार, आणि एकानं मला खाजगीत लिहिलं की, "वातावरण खराब करू नको." मी त्याला काही उत्तर दिलं नाही. त्यानं गेल्या वर्षी तीनदा गाडीचा फोटो टाकला होता, तेव्हा माझंही वातावरण खराब झालं होतं, पण ते असो.

मंगळवारी मोटारसायकल काढली आणि पहिल्या बेंचवाल्याकडं गेलो. चार वर्षांनी. रस्त्यात तीनदा वाटलं परत फिरावं. तो रानातच होता. जिथं डाळिंब होतं तिथं अडीच एकर ज्वारी, बाकी तूर काढून रिकामं. बांधावर जुन्या लॅटरलची गुंडाळी पडलेली, उन्हानं पांढरी झालेली. मला बघून तो हसला आणि "आलास व्हय?" म्हणाला, जणू कालच भेटलो होतो. वहिनींनी चहा आणला. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही येत जावा. हे कुणाशी बोलत नाहीत." तो म्हणाला, "बोलतो की, बैलाशी बोलतो." अजून बैल ठेवलेत त्यानं.

मी त्याला ग्रुपवरचं सगळं दाखवलं. त्यानं चष्मा लावून सगळं वाचलं, मेस सेक्रेटरीचं दोनदा वाचलं. मग म्हणाला, "मी टाकलं असतं तेव्हा, तर काय म्हणले असते?" मी म्हटलं, सांगितलं असतं त्यांनी, पाणी तोड म्हणून. तो म्हणाला, "ते मला माहीत होतं रे. दुसऱ्या महिन्यातच कळलं होतं मला. पण मी कॉलेजात सगळ्यांना शिकवायचो, आणि माझ्याच बागेत मी पाणी वाढवून बसलो होतो. हे कसं टाकणार?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजूनही नाही. मी समजत होतो त्याला सल्ला मिळाला नाही म्हणून बाग गेली. तेवढंच नव्हतं. ६१ कृषी पदवीधरांपुढं चुकलो म्हणणं त्याला पाच एकरांपेक्षा जड झालं. आणि ते जड करणाऱ्यांत छप्पन्न लाईक मोजणारा मीही आहे.

मी विचारलं, परत घेऊ का ग्रुपमध्ये? तो नको म्हणाला. जबरदस्ती केली नाही. निघताना मात्र तो गाडीपर्यंत आला. म्हणाला, "त्या पीएच.डी.वाल्याला एक विचार. कडेला अर्धा एकर परत डाळिंब लावायचं मनात आहे. चार वर्षं झाली, पण मातीत काय शिल्लक आहे ते कळल्याशिवाय नको. उन्हाळ्यात पॉलिथिन अंथरून माती तापवीन, खड्ड्यात शेणखतातून ट्रायकोडर्मा देईन, ते मला येतं. पण निमॅटोड बघून घ्यायचाय. नमुना कुठं देऊ?"

तिथनंच फोन लावला आणि दोघांना बोलायला दिलं. वीस मिनिटं बोलले. पहिली पाच मिनिटं मातीवर, बाकी होस्टेलच्या डाळीवर.

तर सोमवारी आम्ही दोघं नमुना घेऊन जातोय, माझाही आणि त्याचाही. ज्यांना असा नमुना द्यायचा असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, कारण इथं बरेच जण चुकतात. खतांसाठीची माती आपण सावलीत वाळवून देतो, तशी ही द्यायची नाही. निमॅटोडच्या नमुन्यात ओल पाहिजे, नाहीतर त्यात काही जिवंत राहत नाही. उभी बाग असेल तर ठिबकच्या ओल्या पट्ट्यातून, वरचा कोरडा थर बाजूला करून, वीतभर खोलीवरची माती बारीक मुळ्यांसकट घ्यायची. सात-आठ झाडांखालची एकत्र करायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून, उन्हात न ठेवता, शक्यतो त्याच दिवशी पोचवायची. त्याच्या रिकाम्या रानासाठी पीएच.डी.वाला म्हणाला की, जिथं पहिल्यांदा झाडं गेली त्या कोपऱ्याचा नमुना वेगळा आणि बाकीच्या रानाचा वेगळा घ्या, दोन्ही मिसळू नका. पिशवीवर नाव, गट नंबर, आधीचं पीक लिहायचं. आधीचं पीक लिहिताना तो काय लिहिणार ते मी बघणार आहे.